सुती पलाझो घरी बेतायचा आहे, आसन कसं काढू?

पूर्णाकाठची

मंडळी, परभणीत पारा ४३ ला टेकलाय आणि लेगिंग अंगाला चिकटायलीय. दुकानातले पलाझो दिसायला छान असतात, पण खाली मांडी घालून बसलं की मागच्या शिवणीचा टर्र आवाज. आमच्याकडं जेवायला खालीच बसतात, शेंगा फोडायला खालीच आणि शाळेतही पोरांसोबत सतरंजीवरच. खुर्चीपुरत्या शिवलेल्या पँटचा मला काय उपयोग?

घरात पायाची मशीन आहे. परकर, अभ्रे, ब्लाउजचं अस्तर एवढं जमतं; पँट कधी बेतली नाही. छापील कॅम्ब्रिक (पातळ, दाट विणीचं सुती कापड) घेतलंय, पन्हा म्हणजे रुंदी ४४ इंच, अडीच मीटर. आईची एक सुती इरकल साडीही आहे, तिचं नंतर बघू. माझी मापं: कंबर ३६, सीट ४२, पँटची उंची ३८.

व्हिडिओ पाहिले. सगळे सांगतात की नीट बसणारा पायजमा कापडावर ठेवा आणि त्याच्या कडेनं कापा. अहो, नीट बसणारा असता तर शिवायला कशाला बसले असते!

नाडीवाली

वाचतेय. मलाही हवंय हे.

कैचीमास्तर

ताई, संभाजीनगरात शहागंजच्या अंगाला आमचं दुकान. आता मुलगा बघतो, मी गल्ल्यावर बसून सल्ले देतो. फुकट असल्यामुळं कुणी घेत नाही, तुम्ही घ्या.

पँट मागून फाटली की सगळे घेर वाढवायला सांगतात. घेर मांडीच्या खाली असतो. बसताना ताण येतो तो आसनाच्या, म्हणजे दोन पाय जिथं जुळतात तिथल्या, शिवणीवर, तिथं तुमच्या घेराचा काही उपयोग नाही. माणूस खाली बसला की मागची बाजू लांबते आणि पुढची आखडते. स्वस्तातल्या मालात पुढचा आणि मागचा तुकडा जवळजवळ एकाच मापाचा असतो, म्हणजे कापड वाचतं आणि कापायलाही सोपं. त्याचे पैसे तुम्ही बसल्यावर मोजता.

मागच्या तुकड्याला दोन ठिकाणी जास्तीचं कापड द्यायचं. आसनाचं टोक बाहेर जास्त काढायचं, आणि कंबरेला मध्यभागी उंची दीड इंच चढती ठेवायची.

आता तुमचं माप. लाकडी खुर्चीवर ताठ बसा, गादी नको. कंबरेला दोरी बांधा. बाजूनं दोरीपासून फळीपर्यंत टेप सोडा. समजा ११ आले. त्यात १ इंच मोकळीक, म्हणजे आसन १२. याहून खाली नेऊ नका. आसन जेवढं खोल तेवढा आराम, असं गिऱ्हाईक मला आयुष्यभर सांगत आलं. होतं उलटं. आसन फार खाली लोंबलं की पाऊल टाकताना दोन्ही मांड्या एकमेकींना बांधल्यासारख्या होतात, आणि जिना चढताना पाय उचलला की कंबर खाली ओढली जाते.

रुंदी अशी. सीटचा चौथा हिस्सा साडेदहा, त्यात दीड इंच सैल, झाले १२. पुढच्या तुकड्याला आसनाचं टोक अडीच इंच बाहेर. मागच्याला साडेचार. पुढचा तुकडा आसनाच्या रेषेवर साडेचौदा, मागचा साडेसोळा. दोन्हीला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडायचं कापड) धरली तरी मिळून ३३ च होतात. तुमचा पन्हा ४४. पुढचा-मागचा तुकडा शेजारी शेजारी बसतो आणि वर घेरासाठी ११ इंच उरतात.

उंचीला ३८, नेफ्याचे २, मोहरीच्या (पायाच्या खालच्या तोंडाच्या) दुमडीचे २, मागच्या चढाचे दीड. साडेत्रेचाळीस. दोन पायांना ८७ इंच. अडीच मीटरमध्ये कापड आटूनही निघतं आणि खिशापुरतं उरतं.

आसनाची गोलाई काढताना पुढची इंग्रजी जे अक्षरासारखी उभी आणि खाली थोडी वळलेली, मागची जास्त पसरट. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवा. जिथं जुळतात तिथं कोन दिसता कामा नये, ओळ सपाट वाहिली पाहिजे.

पूर्णाकाठची

मास्तर, अहो किती नीट! वहीत उतरवून घेतलं. कापायच्या आधी कापड पाण्यातून काढायचं का? दुकानदार म्हणाला, गरज नाही, आटत नाही.

गंजगोलाई

दुकानदार असंच म्हणतो. काढाच. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन-चार तर सहज आटतं, खादी-हातमाग त्याहून जास्त. उंचीत आटतं जास्त आणि पन्ह्यात कमी, म्हणजे तुमची ३८ ची पँट घोट्याच्या वर जाऊन बसते आणि रुंदी मात्र तशीच.

रात्रभर बादलीत भिजवा, पिळू नका, सावलीत दोरीवर पूर्ण उघडून वाळवा, जरासं दमट असताना इस्त्री. मग काठ तपासा. काठ आखडलेला दिसला तर मध्ये मध्ये कात्रीनं नखाएवढे छेद द्या, नाहीतर तो आख्ख्या कापडाला ओढतो.

लातूरला गंजगोलाईचे सोळा रस्ते फिरलात तर प्रत्येक रस्त्यावर 'प्युअर कॉटन' मिळेल, आणि त्यातलं बरंचसं रेयॉन असेल. रेयॉन वाईट नाही, अंगावर छान पडतं, पण कॉटनच्या भावात का घ्यायचं? जाळून बघायची जुनी युक्ती इथं चालत नाही. रेयॉनही लाकडाच्या लगद्यापासून, कापसाच्याच जातीचं. दोन्ही कागदासारखे जळतात आणि वासही तोच. पॉलिस्टर तेवढं पकडलं जातं, त्याची गोळी होते. रेयॉन ओळखायचं पाण्यानं. कडेचा एक धागा उपसा, मध्यभागी जिभेनं ओला करा आणि ओढा. ओल्या जागी पटकन तुटला तर रेयॉन. सुती धागा ओला झाला की उलट मजबूत होतो.

बिंदुसरा

हे भारी आहे! बीडला सुभाष रोडवर मी आता दुकानदारासमोर धागा चाटत उभी राहणार.

गंजगोलाई

राहा. भाव आपोआप उतरतो.

सुईदोरा

भिजवताना मूठभर खडेमीठ टाका, रंग पक्का होतो. आमच्या आजीपासून चालत आलंय.

रंगपाणी

सुईदोराताई, आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मिठानं रंग पक्का होत नाही. मी नांदेडला रंगाईच्या कामात आहे. मीठ कापड रंगवताना घालतात, रंग पाण्यातून धाग्याकडं ढकलायला. एकदा रंगवून, छापून झालेल्या कापडावर ते काही करत नाही. व्हिनेगरचंही तसंच; सुती रंगांवर त्याचा उपयोग नाही.

निघणारा रंग म्हणजे धाग्याला न चिकटलेला, नुसता वर बसलेला रंग. तो निघूनच जायला हवा. वेगळ्या बादलीत, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं. गडद लाल, निळा, काळा यांना दोन-तीन पाणी जास्त लागतात. आणि धुतल्यावर ओलं कापड घडी घालून ठेवायचं नाही. रंग एका भागावरून दुसऱ्यावर उठतो तो तिथंच.

सुईदोरा

मग आजीच्या साड्यांचा रंग कसा टिकायचा?

रंगपाणी

आजी सावलीत वाळवत असणार आणि सोड्यानं बडवत नसणार. मिठाला फुकटचं श्रेय.

जालनेकर

मंडळी, मी गडी माणूस, पण विचारतो. हा पलाझो म्हणजे आमच्या आबांचा लेंगाच की! आबा पांढरा लेंगा घालून दिवसभर ओट्यावर उकिडवे बसायचे, सरकी-ढेपीच्या पोत्यावर चढायचे, लेंगा कधी फाटला नाही. आणि मोहरी तर केवढी.

कैचीमास्तर

बरोबर पकडलंत. लेंग्याची बेतणी वेगळी असायची. दोन पाय सरळ, जवळजवळ चौकोनी, आणि दोन पायांच्या मध्ये एक वेगळा तुकडा जोडायचा. आमच्या शहागंजातले जुने कारागीर त्याला मियानी म्हणायचे. त्या तुकड्याची दिशा तिरकी ठेवली की ताणाबरोबर तो थोडा लवतो, शिवण उसवत नाही. शिवाय गोलाई कापायची नाही म्हणून चिंधी उरत नाही. कापड महाग होतं तेव्हाची अक्कल ती.

पूर्णाकाठच्या ताईंना मियानीची गरज नाही, मागच्या टोकाचे साडेचार इंच तेच काम करतात. पण कुणी आधीच शिवलेली घट्ट पँट वाचवायची असेल तर हाच इलाज: आसनाचा चौक उसवा, चार इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवा. सैल करायला बाजूच्या शिवणीतली माया सोडत बसू नका, त्यानं काही होत नाही.

जालनेकर

लै उपकार. बायको म्हणतेय, आता तुम्हीच शिवा.

नाडीवाली

नाव बघूनच कळलं असेल, मी नाडीच्या बाजूनं. इलॅस्टिक चार महिन्यांत मरतं, उन्हाळ्यात त्याखाली घामोळं येतं. नाडी घाला.

बिंदुसरा

नाडीची गाठ शाळेच्या बाथरूममध्ये अडकली की काय होतं हे ज्याचं त्याला ठाऊक. इलॅस्टिकला पर्याय नाही.

नाडीवाली

दुहेरी गाठ मारू नका म्हणजे अडकत नाही.

सुईदोरा

दोन्ही करा ना. मागं इलॅस्टिक, पुढं साधा सपाट नेफा, आणि इलॅस्टिकच्या दोन टोकांना नाडी जोडून ती पुढच्या काजातून बाहेर काढायची. पोटावर चुण्या येत नाहीत आणि जेवणानंतर सैलही करता येतं. फक्त पुढचा सपाट भाग कंबरेच्या मापाचा करायला जाऊ नका, नाहीतर पँट सीटवरून वर चढणार नाही. तो बेतलेल्या रुंदीएवढाच ठेवायचा, नाडी ओढल्यावर थोड्या चुण्या पडतात त्या पडू द्या.

इलॅस्टिक सव्वा इंची घ्या. अर्धा इंची दोरीसारखं रुततं, घामोळं त्यानं येतं. नाडी नको, सगळीकडं इलॅस्टिकच हवं असेल तर कंबर ३६ ला ३३-३४ कापा, कापायच्या आधी पोटावर धरून बसून बघा. टोकं एकावर एक ठेवून चौकोनात टीप मारा. नेफ्यात ते उलटंपालटं होऊ नये म्हणून बाजूच्या दोन्ही शिवणींवर एकेक उभी टीप. आणि मागच्या मध्यावर नेफ्याच्या आतल्या बाजूला इंचभर तोंड हातशिलाईनं बंद करा, मशीननं नको. इलॅस्टिक मेलं की ते चार टाके उसवून नवं ओवता येतं.

मरतं ते उन्हानं आणि गरम पाण्यानं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या गच्चीवर पँट दुपारभर टाकली तर कोणतं इलॅस्टिक टिकेल? कंबरेची बाजू सावलीत ठेवा.

आंबेजोगाईची

एक सोपा प्रश्न. कॅम्ब्रिक घेऊ की मलमल? मलमल हाताला इतकी गार लागते.

गंजगोलाई

पँटला नुसती मलमल नको. पारदर्शक असते आणि सीटवर लवकर विरते. कुर्त्याला, ओढणीला, बाळाच्या लंगोटांना मलमल. पँटला कॅम्ब्रिक किंवा पातळ पॉपलीन. मलमल घ्यायचीच असेल तर गुडघ्यापर्यंत मलमलचंच अस्तर लावा. दोन थर असूनही पॉपलीनपेक्षा गार लागते. अस्तर फक्त कंबरेला नेफ्यात पकडायचं, खाली मोकळं सोडायचं. आणि पांढरं कापड असेल तर खिशाची पिशवी अंगाच्या रंगाची घ्या. पांढरी पिशवी पांढऱ्यातून जास्त दिसते, हे नेहमी लोकांना उलटं वाटतं.

जालनेकर

आमच्या वावरात कापूस आहे. त्याची मलमल होते का हो?

रंगपाणी

सूत किती बारीक निघतं ते तंतूच्या लांबीवर. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. ४० नंबर म्हणजे ४० लडी, साधं पॉपलीन त्याच्या आसपास. चांगली मलमल ८० ते १०० नंबरची, त्याला लांब तंतू लागतो, तोकडा तंतू पीळ देताना तुटतो. आपल्या भागात मध्यम ते लांब तंतू होतो, चादर, पॉपलीन, शर्टाच्या कापडाचा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा नांदेड-४४ हा संकरित वाण बीटी कापूस येण्याआधी मराठवाडाभर होता, ऐकलं असेल.

जालनेकर

ऐकलं काय, आबांनी लावलाय. २००२ ला बीटी आलं, मग हळूहळू सगळं वावर तिकडं गेलं.

गंजगोलाई

अवांतर: खादी हवी असेल तर लांब जायला नको. राष्ट्रध्वजाचं कापड आमच्या उदगीरला विणतात आणि ध्वज नांदेडला तयार होतात. पँटला अर्थात तिथली साधी पातळ खादी बघा, आणि आटायचा हिशोब धरून पाव मीटर जास्त घ्या.

पूर्णाकाठची

अपडेट. कापड भिजवून वाळवलं. अडीच मीटर मोजलं तर जवळपास चार इंच गेले. दुकानदाराला नमस्कार.

थेट कॅम्ब्रिकला कात्री लावायचं धाडस नाही झालं, म्हणून जुन्या चादरीची कच्ची पँट बेतून धावदोऱ्यानं जोडली आणि घालून बघितली. मांडी घालून बसता येतंय! पण उभं राहिलं की पुढं, जांघेपासून दोन्हीकडं तिरक्या रेघा वर जातायत. आणि मागं सीटखाली आडवा झोळ आहे. हे काय आहे?

कैचीमास्तर

चादर घेतलीत हे फार छान केलंत. शिकाऊ पोरांना मी हेच करायला लावतो, ती तोंड वाकडं करतात.

पुढच्या तिरक्या रेघा म्हणजे पुढचं टोक तोकडं पडतंय, कापड ओढलं जातंय. मांड्या जरा भरलेल्या असतील तर अडीचच्या जागी तीन-सव्वातीन घ्या. मागचा आडवा झोळ म्हणजे सीटखाली कापड जास्त झालंय, आणि यात माझं माप जरा उदार होतं. दीड इंच चढ तसाच ठेवा, बसताना तो लागतो. त्याऐवजी मागच्या गोलाईचा तळ पाव इंच आणखी खणा आणि टोक साडेचारचं चारवर आणा. मग परत खाली बसून बघा. उभं राहून थोडा झोळ राहिला तरी चालेल. मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या पँटला मागं अजिबात झोळ नसेल, तर ते बसल्यावर फाटणारच. खुर्चीवाल्याची पँट आणि सतरंजीवाल्याची पँट एकच कशी असेल?

पूर्णाकाठची

पुढं तीन केलं, मागं चार. रेघा गेल्या. झोळ थोडासा आहे, असू दे.

आता शिवायचा क्रम सांगा. आणि मशीन पातळ कापड खायलीय, सुरुवातीलाच सुई कापडाला खाली ओढून नेते.

सुईदोरा

सुई बदला. १६ नंबरची असणार, परकराची. ११ घाला, नवी घाला. टाका बारीक ठेवा, इंचाला दहा-बारा. सुरुवात काठाच्या अगदी टोकापासून करू नका, अर्धा इंच आतून सुरू करून मागं या आणि मग पुढं जा. दोन्ही दोऱ्यांची शेपटं हातानं मागं धरून ठेवा. तरीही खाल्लं तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारा, नंतर कागद फाडून काढा. शाई लागू नये म्हणून छापील बाजू खाली नको, कोरी कड वापरा.

कापताना कापड सरकत असेल तर जमिनीवर सुती चादर अंथरून तिच्यावर पसरा, फरशीवर नको. मलमलीला आधी भाताच्या पेजेची पातळ खळ द्या.

आणि लाइट गेली तरी तुमचं काम थांबत नाही, पायाच्या मशीनचं भाग्य! आमच्या मोटरवालीला रोज दुपारी सुट्टी.

कैचीमास्तर

क्रम: आधी खिसे. मग प्रत्येक पायाची बाजूची शिवण, मग आतली शिवण. दोन नळ्या तयार होतील. एक सुलटी करा, दुसरी उलटीच ठेवा, सुलटी उलटीच्या आत घाला. आतल्या शिवणी एकमेकींवर जुळवून टाचणी लावा. पुढच्या कंबरेपासून मागच्या कंबरेपर्यंत आसन एकाच दमात शिवा. तिथं थांबायचं नाही, सांधा नको. मग त्याच टिपेवर दुसरी टीप, आणि गोलाईच्या तळाला सहा-सात इंचांवर तिसरी. गोलाईची माया कापून पाव इंचावर आणा, नाहीतर ती जांघेत टोचते.

इंटरलॉकची मशीन घरी नसेल तर बाजूच्या आणि आतल्या शिवणी फ्रेंच करा: आधी सुलट बाहेर ठेवून पाव इंचावर टीप, कडा कातरून, उलटवून परत टीप, कच्ची कड आत बंद. त्यासाठी माया अर्ध्याऐवजी पाऊण इंच धरा. आसनाला फ्रेंच शिवण करू नका, गोलाईवर ती ताठ होते आणि दिवसभर जाणवते.

बिंदुसरा

खिशाबद्दल कुणी बोललंच नाही! पलाझोला खिसा आणि त्यात मोबाइल म्हणजे पँट एका बाजूनं खाली.

सुईदोरा

खिशाची पिशवी वरपर्यंत न्या आणि तिची वरची कड नेफ्यात पकडा. मग वजन कंबरेवर येतं, बाजूच्या शिवणीवर येत नाही. पिशवी जाड पॉपलीनची घ्या. खिशाचं तोंड साडेसहा इंच, तळहात मावला पाहिजे.

आंबेजोगाईची

मोहरी किती ठेवायची? मला स्कूटीवर जावं लागतं.

कैचीमास्तर

घोट्याला एका पायाची मोहरी २६ ते २८ पर्यंत ठेवा. त्याच्या पुढं घेर छान दिसतो पण जिन्यावर टाच अडकते, आणि सायकल असेल तर साखळीत जातो. मोहरीची दुमड लगेच घालू नका. पाय खाली पसरत गेला की बाजूच्या शिवणी तिरक्या होतात आणि तिरकं कापड स्वतःच्या वजनानं लांबतं. शिवलेली पँट एक रात्र कंबरेकडून टांगून ठेवा, सकाळी रोजची चप्पल घालून दुसऱ्या कुणाकडून जमिनीपासून मोजून खडूच्या खुणा करून घ्या. स्वतः वाकून केल्या तर खुणा खोट्या येतात.

पूर्णाकाठची

झाली! कॅम्ब्रिकची घालून आज शाळेत दिवसभर सतरंजीवर बसले. आता इरकल. जुनी आहे, पण काठ अजून झळझळीत. काठ मोहरीला यायला हवा, आणि घेर देऊन बेतलं तर काठ वाकडा जातोय.

कैचीमास्तर

जाणारच. काठ सरळ हवा तर पाय सरळ हवा. इथं लेंग्याची बेतणी कामाला येते. साडी आडवी धरा. साडीचा पन्हा हीच पँटची उंची. तुमच्या साडीचा पन्हा मोजा, ४५-४६ भरला तर ३८ उंची, नेफा आणि मागचा चढ मिळून साडेएकेचाळीस सहज निघतात. खालचा काठ म्हणजेच मोहरी, दुमड घालायची नाही. वरचा काठ कापून बाजूला ठेवा, नाडीला होईल.

पुढचा आणि मागचा तुकडा बाजूला जोडायचाच नाही, एकाच आख्ख्या तुकड्यात एक पाय कापा, बाजूची शिवण लागत नाही. एका पायाला ३३ इंच, दोन्हीला ६६, म्हणजे साडीतली दोन मीटरसुद्धा लागत नाही. फक्त खिसा मग वरून लावायचा पडतो, शिवणीतला होत नाही.

गंजगोलाई

आणि त्याआधी साडी उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेल्या साडीच्या घडीच्या रेषा विरलेल्या असतात. सीटचा भाग त्या रेषेवर येऊ देऊ नका. सीटला आतून मलमलचा थर द्या. काठ रेशमी किंवा आर्ट सिल्कचा असेल तर तो आणि सुती अंग सारखं आटत नाही, काठाशी चुण्या पडतात. म्हणून ही साडीसुद्धा कापायच्या आधी भिजवून घ्या, आधी कितीही वेळा धुतलेली असली तरी.

पूर्णाकाठची

भिजत घातलीय. एका घडीवर विरलीय खरी, पण ती पदराच्या बाजूला आहे, पायांना चांगलं कापड निघेल. आई विचारतेय, टोपपदराचं (इरकलच्या खास पदराचं) काय करणार?

नाडीवाली

आईलाच द्या. आणि वरच्या काठाची नाडी करा, इलॅस्टिक नको!